डॅनियल गुकिन (१६१२–१६८७) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसाहतकाळातली अमेरिका म्हटलं की आपल्याकडे चर्चा थेट स्वातंत्र्ययुद्धावर जाते. बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, लेक्सिंग्टनची चकमक, वॉशिंग्टन. त्याच्या शंभर वर्षं आधी त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये एक भीषण युद्ध होऊन गेलं. ते युद्ध मिलिशियाच्या, म्हणजे गावकऱ्यांच्याच फौजेच्या, एका कॅप्टनने आतून पाहिलं, त्यात स्वतःच्या लोकांचा रोष ओढवून घेतला आणि सगळं लिहूनही ठेवलं. इथले प्रश्नोत्तर त्याच्याविषयी आहेत.

डॅनियल गुकिन नेमका कोण होता?

मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीतल्या केंब्रिज गावच्या मिलिशियाचा कॅप्टन. पुढे मिडलसेक्स काउंटीच्या रेजिमेंटचा मेजर आणि अखेर, १६८१ पासून, सगळ्या वसाहतीच्या सैन्याचा मेजर जनरल. हे झालं लष्करी अंग. मुलकी कारभारात तो गावच्या पंचांपैकी एक, विधिमंडळातला प्रतिनिधी, १६५१ मध्ये प्रतिनिधी सभेचा सभापती आणि १६५२ पासून ‘असिस्टंट’ होता. असिस्टंट म्हणजे गव्हर्नरच्या मंडळातला सदस्य. याशिवाय वसाहतीच्या हद्दीत राहणाऱ्या ख्रिस्ती मूळनिवाशांचा अधीक्षक हे पद त्याच्याकडे होतं, आणि आज त्याचं नाव घेतलं जातं ते मुख्यतः या पदामुळे.

तो अमेरिकेत जन्मला का?

नाही. घराणं इंग्लंडमधल्या केंटचं. वडिलांनी आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ कॅरिगालाइनला बस्तान बसवलं होतं, आणि १६२१ मध्ये माणसं आणि गुरं जहाजात घालून त्यांनी व्हर्जिनियात, आजच्या न्यूपोर्ट न्यूजच्या परिसरात, मोठी शेतजमीन उभी केली. मुलगा डॅनियल तिथेच कर्ता झाला. १६४०च्या सुमारास तो व्हर्जिनियातही मिलिशियाचा कॅप्टन आणि विधानसभेचा सभासद होता.

पण तो प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये सुधारणा मागणाऱ्या पंथाचा. व्हर्जिनियाचा गव्हर्नर विल्यम बर्कली याला इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे धर्मोपदेशक नको होते आणि त्याने त्यांना वसाहतीतून घालवून दिलं. मे १६४४ मध्ये गुकिन कुटुंबकबिल्यासह बोस्टनला उतरला. त्याच महिन्यात चर्चने त्याला सदस्य करून घेतलं आणि पाठोपाठ मतदानाचा हक्कही मिळाला. आलेल्या माणसाला इतक्या तातडीने सामावून घेणं ही बोस्टनमध्ये रोजची गोष्ट नव्हती. आधी रॉक्सबरीत आणि १६४८ पासून केंब्रिजमध्ये तो राहिला. मरेपर्यंत तेच त्याचं गाव.

मिलिशियाचा कॅप्टन म्हणजे पगारी सैनिक का?

अजिबात नाही. वसाहतीकडे खडं सैन्य नव्हतं. १६ ते ६० वयाच्या धडधाकट पुरुषांनी आपापल्या घरी बंदूक, दारू आणि गोळ्या बाळगायच्या आणि वर्षातून काही ठरलेल्या दिवशी गावच्या मैदानावर कवायतीला हजर राहायचं, अशी पद्धत होती. गैरहजर राहिलं तर दंड. धर्मोपदेशक, न्यायाधीश, वैद्य अशा काहींना सूट होती. तुकडीत निदान ६४ शिपाई असले तरच तिला पूर्ण दर्जाचा कॅप्टन मिळे. साधारण दोन वाट्यांकडे बंदुका, एका वाट्याकडे लांब भाले. काउंटीतल्या सगळ्या तुकड्या मिळून एक रेजिमेंट, तिच्यावर मेजर, आणि सगळ्यांच्या वर मेजर जनरल.

सुरुवातीच्या काळात कॅप्टन कोण हे तुकडीतली माणसंच ठरवत आणि विधिमंडळ त्यावर शिक्कामोर्तब करी. त्यामुळे कॅप्टन हा गावाने मानलेला माणूस असे. ज्याच्या शब्दावर शेजारी बंदूक घेऊन घराबाहेर पडतील, असा माणूस. गुकिनने केंब्रिजची तुकडी जवळपास ४० वर्षं सांभाळली.

एक तपशील मात्र ध्यानात ठेवायला हवा. १६५२ च्या कायद्याने इंग्रजांकडे चाकरीला असलेल्या आफ्रिकी आणि मूळनिवासी पुरुषांनाही कवायतीला बोलावलं होतं. चारच वर्षांनी, १६५६ मध्ये, त्यांना मिलिशियातून वगळण्यात आलं. पुढच्या युद्धात या वगळण्याची किंमत सगळ्यांनाच मोजावी लागली.

न्यायाधीश, आमदार, सेनापती, सगळं एकच माणूस कसा?

त्या काळी सत्तेची अशी वाटणी नव्हतीच. असिस्टंट मंडळ कायदे करण्यात भाग घेई, तेच वरचं न्यायालय म्हणून बसे आणि त्यातला प्रत्येक सदस्य आपल्या काउंटीत दंडाधिकारी असे. लग्नंसुद्धा चर्चमध्ये नव्हे, दंडाधिकाऱ्यासमोर लागत. एखाद्या मंगळवारी गुकिनच्या दारात उधारीचा तंटा, दारू पिऊन केलेला दंगा आणि लग्नाला उभं राहिलेलं जोडपं हे सगळं एकामागून एक आलं असेल, तर त्यात नवल काही नव्हतं.

त्यात १६६२ मध्ये आणखी एक काम आलं. केंब्रिजच्या छापखान्यातून काय छापायचं हे तपासणाऱ्या दोघांत त्याची नेमणूक झाली. दुसरा होता गावचा धर्मोपदेशक जोनाथन मिचेल. याच छापखान्यात १६६३ मध्ये धर्मप्रसारक जॉन एलियटने मूळनिवाशांच्या भाषेत केलेलं संपूर्ण बायबल छापून पूर्ण झालं. अमेरिकेत छापलेलं ते पहिलं संपूर्ण बायबल.

त्याने राजाच्या मारेकऱ्यांना आश्रय दिला हे खरं का?

खरं आहे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सह्या करणाऱ्यांपैकी एडवर्ड व्हॅली आणि विल्यम गॉफ हे दोघे जुलै १६६० मध्ये ज्या जहाजाने बोस्टनला आले, त्याच जहाजात गुकिन होता. दोघे फेब्रुवारी १६६१ पर्यंत केंब्रिजमध्ये उघडपणे वावरत होते. पुढे ते न्यू हेवनकडे पळाले, तरी त्यांची मालमत्ता गुकिन सांभाळत असल्याचा आरोप राहिला. नव्या राजाच्या प्रतिनिधींनी त्याबद्दल चौकशी सुरू केली तेव्हा त्याने दाद दिली नाही. वरून दबाव आला म्हणून माणसाला सोडायचं नाही हा त्याचा स्वभाव इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो.

मूळनिवाशांचा अधीक्षक म्हणून त्याचं काम काय होतं?

एलियट धर्मप्रसार करत होता. त्याच्या प्रभावाखाली ख्रिस्ती झालेल्या मूळनिवाशांची वेगळी गावं वसवण्यात आली. इंग्रजीत त्यांना ‘प्रेइंग टाउन्स’ म्हणत. आपण प्रार्थनागावं म्हणू. पहिलं गाव नेटिक, १६५१. या गावांत स्थानिक अंमलदार मूळनिवासीच असत. बायबलमधल्या मोशेच्या व्यवस्थेप्रमाणे शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर एकेक मुख्य. नेटिकचा प्रमुख होता वॉबन. त्यांच्या वरचा इंग्रज न्यायाधीश म्हणजे गुकिन. १६५६ मध्ये पहिल्यांदा आणि मधल्या इंग्लंडवारीनंतर १६६१ पासून शेवटपर्यंत तो हे काम पाहत होता.

तो या गावांतून घोड्यावरून फिरे, तिथे कोर्ट भरवी, पोलीस पाटलासारखे कॉन्स्टेबल नेमी, शिक्षक ठरवी. १६७४ मध्ये त्याने मोजणी केली तेव्हा १४ प्रार्थनागावं होती आणि त्यांत साधारण १,१०० माणसं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातला एक प्रसंग त्याने टिपून ठेवलाय. मेरिमॅक नदीच्या काठी वेमसिट इथे, म्हणजे आजच्या लोएलजवळ, एलियटने उपदेश केला. पेनाकूक लोकांचा प्रमुख वॉनालॅन्सेट चार वर्षं हे ऐकत होता आणि हो म्हणत नव्हता. त्या दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, की आयुष्यभर मी माझ्या जुन्या होडीतून गेलो, आता तुम्ही मला ती सोडून नव्या होडीत बसायला सांगता. आजवर मन तयार नव्हतं, पण आता बसतो. हे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले ते गुकिनने कान देऊन ऐकले आणि उतरवले म्हणून. त्या पिढीतल्या फार थोड्या इंग्रज अंमलदारांनी मूळनिवाशांचं बोलणं इतक्या बारकाईने नोंदवलं.

म्हणजे तो मूळनिवाशांच्या बाजूचा होता?

एवढं सरळ उत्तर देता येत नाही, आणि कुणी देत असेल तर त्याने अर्धीच कागदपत्रं वाचलीत. गुकिनच्या लेखी मूळनिवाशांचं भलं म्हणजे त्यांनी ख्रिस्ती व्हावं, केस कापावेत, इंग्रजांसारखी घरं बांधावीत आणि इंग्रजी कायद्याखाली यावं. त्यांच्या जुन्या श्रद्धेला त्याच्याकडे जागा नव्हती.

शिवाय जमीन. आज वुस्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराच्या जागी नवी वसाहत उभारण्याच्या समितीचा तो म्होरक्या होता. जुलै १६७४ मध्ये आठ मैल लांबी-रुंदीचा तो पट्टा तिथल्या मूळनिवासी प्रमुखांकडून १२ पौंडांना घेतला गेला. ज्यांचा पालक म्हणून सरकारने त्याला नेमलं, त्यांच्याच शेजारची जमीन तो इंग्रजांसाठी खरेदी करत होता. त्याला यात विसंगती वाटली नाही, कारण दोन्ही समाज शेजारी नांदतील असं तो मनापासून मानत होता. पण वर्षभरात काय झालं ते पाहिलं तर हा विश्वास किती कच्च्या पायावर उभा होता ते कळतं.

१६७५ चं युद्ध कशावरून पेटलं?

वाम्पनोआग लोकांचा प्रमुख मेटाकॉम, ज्याला इंग्रज ‘किंग फिलिप’ म्हणत, त्याची जमीन आणि अधिकार दशकभर आक्रसत चालले होते. जॉन ससामन हा हार्वर्डमध्ये काही काळ शिकलेला ख्रिस्ती मूळनिवासी जानेवारी १६७५ मध्ये मारला गेला. शेजारच्या प्लिमथ वसाहतीच्या कोर्टाने त्यासाठी मेटाकॉमच्या तीन माणसांना जूनमध्ये मृत्युदंड दिला आणि महिना संपायच्या आत लढाई सुरू झाली. लोकसंख्येच्या मानाने अमेरिकेच्या इतिहासातलं हे सर्वांत रक्तरंजित युद्ध मानलं जातं. डझनभर इंग्रज गावं बेचिराख झाली. मूळनिवाशांची हानी त्याहून कितीतरी मोठी होती, आणि पकडलेल्या शेकडो जणांना वेस्ट इंडीजकडे गुलाम म्हणून विकण्यात आलं.

डीअर आयलंडवर काय घडलं?

गुकिनचं चरित्र ज्या एका घटनेभोवती फिरतं ती ही. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांना प्रत्येक मूळनिवासी शत्रू दिसू लागला, ख्रिस्ती असला तरी. ३० ऑगस्ट १६७५ च्या हुकमाने प्रार्थनागावांतल्या लोकांना पाच ठिकाणी कोंडलं. मग डेडममध्ये एक जुनं घर जळालं आणि नेटिकच्या लोकांवर आळ आला.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना हलवायचा हुकूम निघाला. कॅप्टन थॉमस प्रेंटिसने साधारण २०० जणांना चार्ल्स नदीकाठी ‘द पाइन्स’ नावाच्या जागी आणलं. शेतात मका उभा होता, तो तिथेच राहिला. एलियट भेटायला आला, सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. भरतीची वाट पाहून ३० ऑक्टोबरच्या मध्यरात्री होड्या सुटल्या आणि बोस्टनच्या बंदरातल्या डीअर आयलंडवर त्यांना उतरवलं. बेट खाजगी मालकीचं होतं. मालकाची अट अशी, की उभी झाडं तोडायची नाहीत आणि मेंढ्यांना हात लावायचा नाही. नोव्हेंबरमध्ये ठराव झाला, की परवानगीविना बेट सोडणाऱ्याला देहान्ताची शिक्षा. पुढे इतर गावांतलेही लोक आणले आणि संख्या ५०० पर्यंत गेली. समुद्रावरचा गार वारा, अपुरे कपडे, आणि खायला मुख्यतः किनाऱ्यावरचे शिंपले. त्या हिवाळ्यात भुकेने आणि आजाराने अनेक माणसं गेली, त्यात म्हातारी आणि लहान मुलं जास्त.

गुकिनने हे थांबवलं का नाही?

त्याच्या हातात तेवढी ताकद नव्हती. मंडळात तो जवळजवळ एकटा पडला होता. सोबत होता थॉमस डॅनफर्थ, केंब्रिजमधला शेजारी, आणि मंडळाबाहेर एलियट. गुकिनचं म्हणणं कायद्याला धरून होतं: मॅसॅच्युसेट्सने या लोकांशी १६४४ मध्ये करार केलाय, त्यांनी तो मोडलेला नाही, आणि गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. लोक ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. सप्टेंबरमध्ये तर रात्री नऊच्या सुमारास चाळीसेक जणांचा जमाव बोस्टनमध्ये कॅप्टन जेम्स ऑलिव्हरच्या घरी गेला. तुरुंगातल्या एका मूळनिवाशाला बाहेर काढून फासावर लटकवू या, तुम्ही पुढे व्हा, असं ते म्हणाले. ऑलिव्हरने छडी घेऊन त्यांना पिटाळलं.

माझं मत असं, की गुकिनची खरी हिंमत त्याच्या युक्तिवादात नाही, माणसं ओळखण्यात आहे. त्याच्यासाठी हे ‘ते लोक’ नव्हते. वॉबन, जॉब, जेम्स अशी नावं होती, आणि कुणाचा पोरगा कोण हे त्याला ठाऊक होतं. पण ज्या पद्धतीने त्याने ही गावं एका सरकारी देखरेखीखाली आणली, मोजली, नोंदवली, त्यामुळेच एका हुकमासरशी त्यांना उचलणं सरकारला सोपं गेलं, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच पदातून आल्या.

जॉब कॅटेनॅनिटची गोष्ट काय आहे?

डिसेंबर १६७५ च्या शेवटी सरकारला शत्रूच्या गोटातली बातमी हवी होती. बेटावरच्या कैद्यांतून जेम्स क्वानापोहिट आणि जॉब कॅटेनॅनिट हे दोघे हेर म्हणून गेले. जॉबची तीन मुलं शत्रूच्या ताब्यात होती आणि त्यांचा शोध हीच त्याची ओढ.

जेम्स २४ जानेवारीला परतला. तीन आठवड्यांत लँकेस्टर गावावर हल्ला होणार, त्याने स्पष्ट सांगितलं. त्यावर कुणी फारसं काही केलं नाही. मग ९ फेब्रुवारी १६७६ च्या रात्री, दहाच्या सुमाराला, जॉब केंब्रिजमध्ये गुकिनच्या दारात येऊन उभा राहिला. पायांत बर्फावरून चालायच्या जाळीदार चपला, ८० मैलांचा रानावनातून प्रवास, आणि शरीर पार थकलेलं. ४०० जण निघालेत, उद्याच लँकेस्टरवर पडतील, पूल तोडला जाईल, असं त्याने सांगितलं. गुकिन बिछान्यातून उठला, डॅनफर्थला गाठलं आणि मार्लबरो, काँकर्ड, लँकेस्टरकडे रातोरात स्वार धाडले. मार्लबरोहून कॅप्टन वॉड्सवर्थ चाळीसेक माणसं घेऊन धावला आणि गावाचा काही भाग वाचला. बाकीचं जळालं. धर्मोपदेशकाची बायको मेरी रोलँडसन मुलांसह पकडली गेली ती याच दिवशी.

दोन कैद्यांनी जीव धोक्यात घालून अचूक बातमी आणली होती. पहिल्या बातमीवर विश्वास ठेवला असता तर लँकेस्टरची तयारी झाली असती. गुकिनने हे आपल्या लेखनात ठासून मांडलंय आणि ते वाचताना त्याचा संताप जाणवतो.

त्याला जिवे मारायच्या धमक्या आल्या?

हो. २८ फेब्रुवारी १६७६ ची एक निनावी चिठ्ठी बोस्टनमध्ये डकवली गेली. गुकिन आणि डॅनफर्थ हे देशद्रोही आहेत, त्यांना संपवायची शपथ आम्ही घेतली आहे, असा तिचा आशय. केंब्रिजच्या खानावळीत एकाने त्याला चारचौघांत ‘आयरिश कुत्रा’ म्हणून शिव्या घातल्या. रस्त्यावरून चालायची भीती वाटते असं त्याने कोर्टात बोलून दाखवलं, तर त्याला ऐकावं लागलं, की याला तुम्हीच जबाबदार आहात. मे १६७६ च्या निवडणुकीत तो असिस्टंट पदावरून पडला. १६५२ पासूनच्या कारकिर्दीतला हा एकमेव पराभव.

आणि तरीही त्याच महिन्यात त्याला मिडलसेक्स रेजिमेंटचा मेजर करण्यात आलं, कारण आधीचा मेजर सायमन विलर्ड एप्रिलमध्ये वारला होता. मतं द्यायची नाहीत, पण लढाईत माणूस हवा. पुढच्या वर्षी तो मंडळावरही परत निवडून आला.

मूळनिवासी इंग्रजांच्या बाजूने लढले का?

लढले, आणि त्यांनीच युद्धाचं पारडं फिरवायला मोठा हातभार लावला. १६७६ च्या वसंतात कॅप्टन सॅम्युअल हंटिंगच्या हाताखाली बेटावरच्याच पुरुषांची तुकडी उभी झाली, आधी ४०, मग ८०. रान, वाटा, गनिमी डावपेच त्यांना माहीत होते. मिलिशियाला ते येत नव्हते. शत्रूच्या ताब्यातल्या इंग्रज कैद्यांच्या सुटकेची बोलणी करायला पहिल्यांदा गेला तोही बेटावरचाच एक कैदी, टॉम नेपॅनेट. मे महिन्यात उरलेल्यांना बेटावरून केंब्रिजजवळ आणण्यात आलं. मेटाकॉम १२ ऑगस्ट १६७६ ला मारला गेला.

सगळ्यांना न्याय मिळाला असं मात्र नाही. हॅसनामेसिटच्या प्रार्थनागावातला प्रमुख, इंग्रज ज्याला कॅप्टन टॉम म्हणत, त्याला २२ जूनला बोस्टनमध्ये फाशी दिलं. एलियटने गव्हर्नरकडे रदबदली केली, उपयोग झाला नाही. त्याच्याबद्दल गुकिनने आदरानेच लिहिलंय.

गुकिनकडे गुलाम होते का?

होते. दक्षिणेतल्या शेतजमिनींवर आणि केंब्रिजच्या घरातही आफ्रिकी गुलाम राबत होते. वॉरो नावाच्या कुटुंबाची नोंद मिळते. मूळनिवाशांसाठी कायद्याची भाषा बोलणाऱ्या या माणसाने गुलामगिरीवर प्रश्न उपस्थित केलेला दिसत नाही. त्याच्यावरच्या कौतुकाच्या लेखांत ही बाब बहुधा गाळली जाते. ती गाळू नये.

त्याचे शेवटचे दिवस कसे गेले?

१६८४ मध्ये इंग्लंडने वसाहतीची सनद रद्द केली. सनद सोडू नये म्हणणाऱ्यांत गुकिन आघाडीवर होता. १६८६ मध्ये जुनं सरकार गेलं आणि त्याच्याबरोबर त्याचं पदही. १९ मार्च १६८७ ला पहाटे तो वारला आणि केंब्रिजच्या जुन्या दफनभूमीत त्याला पुरलं. मागे संपत्ती फारशी नव्हती. एलियटने लंडनला रॉबर्ट बॉइलला पत्र लिहिलं. बॉइल म्हणजे वायूच्या दाबाचा नियम मांडणारा शास्त्रज्ञ. धर्मप्रसाराचा निधी सांभाळणाऱ्या संस्थेचा तो प्रमुख होता. गुकिन गरिबीत गेला, त्याच्या विधवेला १० पौंड द्यावेत, अशी एलियटची विनंती होती.

काही ठिकाणी त्याचं मृत्युवर्ष १६८६ का दिसतं?

तेव्हा इंग्रजी मुलुखात नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १९ मार्च जुन्या हिशेबाने १६८६ मध्येच पडतो. जानेवारी ते मार्चमधल्या त्या काळातल्या कुठल्याही तारखेला हा घोळ होतो. लँकेस्टरचा हल्लाही मूळ कागदांत १६७५ चा म्हणून नोंदलेला सापडेल.

त्याचं लेखन कधी छापलं गेलं?

त्याच्या हयातीत नाही. १६७४ मध्ये लिहून झालेला मूळनिवाशांच्या चालीरीतींचा आणि प्रार्थनागावांचा वृत्तान्त १७९२ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने छापला. १६७७ मध्ये लिहिलेला युद्धातल्या ख्रिस्ती मूळनिवाशांच्या हालांचा वृत्तान्त १८३६ पर्यंत अंधारातच राहिला. मधल्या दीडशे वर्षांत त्या युद्धाचा जो इतिहास लोकांनी वाचला, त्यात डीअर आयलंडला जवळपास जागाच नव्हती. एखादंच वाचायचं असेल तर दुसरं वाचा. जुन्या वळणाची इंग्रजी आहे, पण माणसांची नावं, गावं आणि तारखा भरपूर आहेत.

आज यातलं काय उरलंय?

युद्धानंतर १४ प्रार्थनागावांपैकी चारच राहिली. नेटिक, मार्लबरो, ग्राफ्टन (जुनं हॅसनामेसिट), लोएल ही आता बोस्टनच्या आसपासची नेहमीची शहरं आहेत. त्या भागात नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळीही या रस्त्यांवरून रोज जातात. डीअर आयलंड आता बेट राहिलेलं नाही, मुख्य भूमीला जोडलं गेलंय आणि तिथे बोस्टनचं सांडपाणी शुद्ध करणारा प्रचंड प्रकल्प आहे. सभोवती फिरायला वाट आहे, ती सर्वांना खुली असते. निपमक आणि मॅसॅच्युसेट या मूळनिवासी समाजांचे लोक ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे जमून आपल्या पूर्वजांचं स्मरण करतात. मूळनिवाशांना बोस्टनमध्ये पाऊल ठेवायला बंदी करणारा १६७५ चा कायदा मात्र कागदावर तसाच पडून होता. मूळनिवासी संघटनांनी पाठपुरावा केल्यावर तो २००५ मध्ये रद्द झाला.